निर्जन ठरवलेल्या जमिनीवरची तेलवाहिनी

अलास्काच्या तेलवाहिनीचा इतिहास बहुधा अभियंत्यांच्या पराक्रमाची कथा म्हणून सांगितला जातो. हाडे गोठवणाऱ्या थंडीत, तीन पर्वतरांगा ओलांडून आठशे मैलांचा पोलादी नळ टाकला गेला. हा पराक्रम खरा आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु या कथेत वारंवार येणारा 'निर्जन' हा शब्द थांबून तपासला पाहिजे. जिथे इनुपियात, अथाबास्कन, अल्युत, त्लिंगित ही माणसे हजारो वर्षे शिकार आणि मासेमारी करून जगत आली, तो प्रदेश निर्जन कोणी ठरवला?

१८६७ साली रशियाने अलास्का अमेरिकेला ७२ लाख डॉलर्सना विकला. विकणाऱ्याच्या प्रत्यक्ष ताब्यात प्रामुख्याने किनाऱ्यावरची काही व्यापारी ठाणी होती. विकला मात्र सगळा प्रदेश. करारात तिथल्या बहुसंख्य रहिवाशांचा उल्लेख 'असंस्कृत टोळ्या' असा आहे. पुढे १९५५ साली त्लिंगितांच्या टी-हिट-टन कुळाने आपल्या जंगलातील लाकडाची भरपाई मागितली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला की, काँग्रेसने मान्य न केलेली वहिवाट ही मालकी नव्हे. सरकारने ती काढून घेतली तरी घटनेनुसार भरपाई देणे लागत नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर सातबाऱ्यावर त्यांचे नाव नव्हते, आणि नाव चढवण्याचा अधिकार ज्याने जमीन घेतली त्याच्याच हाती होता.

१९५८ च्या कायद्याने अलास्काला राज्याचा दर्जा मिळाला आणि नव्या राज्याला १० कोटी एकरांहून अधिक जमीन निवडण्याची मुभा मिळाली. राज्य सरकार नकाशावर बोट ठेवू लागले, तशी गावे हरकती दाखल करू लागली. १९६२ साली हॉवर्ड रॉक या इनुपियात चित्रकाराने 'टुंड्रा टाइम्स' हे वृत्तपत्र काढले, आणि शेकडो मैलांच्या अंतरावर विखुरलेली गावे एकमेकांची दुःखे वाचू लागली. चळवळीला आपले वृत्तपत्र का लागते, हे या अंकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. १९६६ साली मूलनिवासींच्या संघटना एका छत्राखाली आल्या. त्याच वर्षी अमेरिकेचे गृहखात्याचे मंत्री स्ट्युअर्ट उडाल यांनी जमिनीचे वाटप थांबवले.

१९६८ साली उत्तर किनाऱ्यावर प्रुडो बे येथे तेल सापडले. पुढच्या वर्षी राज्याने तेथील भाडेपट्ट्यांचा लिलाव करून एका दिवसात सुमारे ९० कोटी डॉलर्स मिळवले. तेल दक्षिणेच्या वाल्डीझ बंदरापर्यंत न्यायचे म्हणून ४८ इंच व्यासाचे नळ जपानहून येऊनही पोहोचले. मार्गावरच्या पाच गावांनी रोजगार व कंत्राटे मिळतील या भरवशावर हक्क सोडल्याची कागदपत्रे सही करून दिली होती. कंत्राटे वाटली गेली तेव्हा मूलनिवासींच्या वाट्याला काही आले नाही. गावांनी सह्या मागे घेतल्या आणि १९७० च्या मार्चमध्ये ती न्यायालयात गेली. एप्रिलच्या आरंभी वॉशिंग्टनमधील न्यायाधीश जॉर्ज हार्ट यांनी यूकॉन नदीकाठच्या स्टीव्हन्स व्हिलेजच्या जमिनीतून वाट देण्यास मनाई केली. आठशे मैलांपैकी ही जमीन जेमतेम वीस मैलांची. तेवढ्यावर जगातल्या बलाढ्य तेल कंपन्या अडल्या! त्याच महिन्यात पर्यावरणवाद्यांच्या दाव्यावरही मनाई झाली, आणि इतिहासग्रंथांत तिचाच गाजावाजा अधिक आहे. मात्र त्या मंडळींच्या मनातही हा प्रदेश बऱ्याच अंशी माणसांवाचूनचाच होता.

आता ज्या तेल कंपन्या कालपर्यंत या लोकांना ओळखत नव्हत्या, त्याच जमिनीचा प्रश्न सोडवा म्हणून काँग्रेसकडे धावल्या. १८ डिसेंबर १९७१ रोजी निक्सन यांनी कायद्यावर सही केली. मूलनिवासींना ४ कोटी ४० लाख एकर जमीन आणि ९६ कोटी २५ लाख डॉलर्स मिळाले. त्यांतले ५० कोटी खनिज उत्पन्नातूनच यायचे होते, म्हणजे तेल वाहिले तर पैसा. हा विजय लहान नव्हता.

पण कायद्याचा चौथा अनुच्छेद वाचावा. उरलेल्या साऱ्या जमिनीवरचा मूळ हक्क, शिकारीच्या आणि मासेमारीच्या हक्कासह, कायमचा संपुष्टात आला. मिळालेली जमीनही गावाच्या किंवा जमातीच्या नावे झाली नाही. ती नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांच्या नावे झाली. ज्याच्या अंगात किमान एक चतुर्थांश मूलनिवासी रक्त, तो भागधारक. प्रादेशिक कंपनीचे प्रत्येकी शंभर शेअर्स. रक्ताचे असे माप काढणारी व्यवस्था आधुनिक कायद्याच्या भाषेतही किती सहज बसते! १८ डिसेंबर १९७१ नंतर जन्मलेल्या मुलाला मात्र एकही शेअर नाही. एकाच आईची दोन लेकरे, थोरले जमिनीचे भागीदार आणि धाकटे आपल्याच गावात उपरे. शिवाय वीस वर्षांनी हे शेअर्स बाहेरच्यांना विकण्याची मोकळीक होती.

वाट मोकळी झाली. १९७३ साली सिनेटमध्ये मते समसमान पडली तेव्हा उपाध्यक्षांच्या मताने तेलवाहिनीची बाजू तरली. १९७५ च्या मार्चमध्ये पहिला नळ बसला. गरम तेलाने कायम गोठलेली जमीन वितळून नळ खचू नये म्हणून निम्म्याहून अधिक वाहिनी खांबांवर उचलून नेली. २० जून १९७७ रोजी तेल सोडले गेले. खर्च झाला सुमारे ८०० कोटी डॉलर्स. बांधणाऱ्या कंपनीने स्वतःला नाव घेतले 'अल्येस्का', आणि हा शब्द अल्युतांचा.

२४ मार्च १९८९ रोजी वाल्डीझहून निघालेले 'एक्झॉन वाल्डीझ' जहाज खडकावर आदळले आणि १ कोटी १० लाख गॅलन तेल समुद्रात पसरले. जवळच्या टाटिटलेक आणि चेनेगा या मूलनिवासी गावांचे अन्न त्याच पाण्यात होते.

त्याआधी, १९८३ ते १९८५ या काळात कॅनडाचे न्यायविद थॉमस बर्जर अलास्कातील गावोगाव फिरले होते. मॅकेन्झी खोऱ्यातील तेल-वायूवाहिनीच्या चौकशीत वस्त्यावस्त्यांतून साक्षी घेऊन, हक्कांचा निकाल लागेपर्यंत दहा वर्षे बांधकाम नको, असे १९७७ मध्ये लिहिणारे तेच बर्जर. अलास्कात त्यांनी शिफारस केली की जमीन कंपन्यांकडून काढून जमातींच्या स्वशासनाकडे द्यावी. ती मानली गेली नाही. १९८८ च्या दुरुस्तीने भागधारकांनी मतदानाने ठरवल्याखेरीज शेअर्स बाहेर विकता येणार नाहीत एवढे झाले, आणि १९७१ नंतर जन्मलेल्यांना भागधारक करून घ्यायचे की नाही, हे प्रत्येक कंपनीच्या मतदानावर सोडले गेले. काही कंपन्यांनी त्यांना घेतले, काहींनी घेतले नाही.