डुक्कर कोणाचे, कुंपण कोणाचे? अमेरिकेतील एका शिकारीचा पाचशे वर्षांचा इतिहास

#इतिहास #थ्रेड

१/
१ सप्टेंबर २०१९ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात एक छोटीशी कायदेदुरुस्ती अमलात आली. खासगी जमिनीवर रानडुकराची शिकार करण्यासाठी यापुढे राज्याचा शिकार परवाना लागणार नव्हता. जमीनमालकाची संमती पुरेशी होती. हंगामाचे बंधन नव्हतेच, संख्येचेही नव्हते. नवशिक्या शिकाऱ्याला याहून सोपी सुरुवात क्वचितच मिळेल.

२/
त्याच जमिनीवरचे हरीण मारायचे झाल्यास मात्र परवाना हवा, हंगाम पाळायला हवा आणि ठरवून दिलेली संख्या ओलांडता येत नाही. एकाच शेतातील दोन जनावरांना दोन वेगळे न्याय. हा भेद समजण्यासाठी तीन जुने प्रश्न उलगडावे लागतात: जनावर कोणाचे, जमीन कोणाची आणि कुंपण कोणी घालायचे?

३/
आधी एक गैरसमज दूर केलेला बरा. महाराष्ट्राच्या शेतात शिरणारे रानडुक्कर हे इथल्या रानाचे मूळचे रहिवासी आहे. अमेरिकेत मात्र मूळचे रानडुक्कर नव्हतेच. टेक्सासच्या झुडपी रानात दिसणारा पेकरी डुकरासारखा भासतो, पण तो वेगळ्या कुळातला प्राणी. त्याच्या शिकारीला आजही परवाना आणि हंगाम लागतो. दोघांतला फरक न ओळखणारा नवशिका पहिल्याच दिवशी गुन्हेगार ठरू शकतो.

४/
डुक्कर आले ते जहाजातून. १४९३ मध्ये दुसऱ्या सफरीवर निघालेल्या कोलंबसाने कॅनरी बेटांवरून आठ डुकरे घेतली आणि ती कॅरिबियन बेटांवर उतरवली. चारा साठवावा लागत नाही, राखण करावी लागत नाही, जे मिळेल ते खाऊन वाढते आणि भराभर वितते: वसाहत करणाऱ्यांना याहून सोयीचे जनावर नव्हते.

५/
१५३९ मध्ये एर्नांदो दे सोतो फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा त्याच्यासोबत तेरा माद्या होत्या. सोने शोधत तो सैन्यासह आग्नेय अमेरिकेत भटकत राहिला आणि मागोमाग हा चालता शिधा. १५४१ मध्ये चिकासा लोकांनी केलेल्या हल्ल्यात व आगीत बरीच डुकरे मेली. तरीही १५४२ मध्ये दे सोतो मरण पावला, तेव्हा त्याच्या मालमत्तेत सुमारे सातशे डुकरे होती. सोने मिळाले नाही. डुकरे मात्र वाढली.

६/
पुढे इंग्रज वसाहती उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे जमीन अमाप होती आणि मजूर थोडे. मग डुकरांना गोठ्यात कोण बांधणार? ती रानात सोडून द्यायची, ओकच्या फळांवर ती पोसली जायची आणि थंडी पडली की शोधून मारायची, असा शिरस्ता पडला. अमेरिकेतील डुकराची शिकार खऱ्या अर्थाने इथे सुरू झाली. ती हौस नव्हती. स्वतःच्याच रानभर फिरणाऱ्या मालमत्तेची ती वसुली होती.

७/
या शिरस्त्याने कुंपणाचा न्याय उलटा केला. आपल्याकडे दुसऱ्याच्या पिकात शिरलेले गुरू कोंडवाड्यात जाते आणि दंड गुराचा मालक भरतो. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदाच केला. अमेरिकेच्या दक्षिण भागात नियम याच्या विरुद्ध होता. ज्याचे पीक त्याने कुंपण घालावे. कुंपण कच्चे असेल आणि डुकरे आत शिरली, तर भरपाई मागण्याचा हक्क शेतकऱ्याला नसे.

८/
याची सर्वाधिक झळ मूळनिवासींना बसली. त्यांच्या शेतांना कुंपणे नसत, कारण त्यांच्याकडे पाळीव डुकरेच नव्हती. १६६६ मध्ये मेरीलँडच्या वसाहतीपुढे मट्टागुंड नावाच्या मूळनिवासी प्रमुखाने तक्रार मांडली. तिचा आशय असा, की तुमची डुकरे आणि गुरे आमची हानी करीत आहेत आणि आणखी मागे सरकायला आम्हाला जागा उरलेली नाही. डुक्कर पुढे, वसाहत मागे, असा हा जमीन बळकावण्याचा क्रम होता.

९/
मोकळ्या रानातले डुक्कर कोणाचे, हे ठरवायचे कसे? कानाला पाडलेल्या खाचांवरून. प्रत्येक कुटुंबाची खाच वेगळी आणि तिची नोंद सरकारदप्तरी. १८७८ मध्ये केंटकीत रँडॉल्फ मॅकॉयने फ्लॉइड हॅटफील्डवर डुक्कर चोरल्याचा आरोप केला, तेव्हा खटला उभा राहिला तो या खुणांवरच. हॅटफील्ड आणि मॅकॉय घराण्यांच्या रक्तरंजित वैरात या एका डुकराचाही वाटा आहे.

१०/
टेक्सास स्वतंत्र प्रजासत्ताक असताना तर डुकरांनी परराष्ट्र धोरणातच तोंड घातले. १८४१ मध्ये ऑस्टिन शहरात खाणावळवाल्या रिचर्ड बुलकची मोकाट डुकरे फ्रान्सचा प्रतिनिधी दुब्वा द सालिन्यी याच्या घोड्यांचा मका खाऊ लागली. नोकराने काही डुकरे मारली, बुलकने त्या नोकराला बदडले, प्रकरण सरकारपर्यंत गेले आणि रागावलेला प्रतिनिधी टेक्सास सोडून निघून गेला. इतिहासात हे प्रकरण ‘डुक्कर युद्ध’ म्हणून नोंदले गेले.

११/
आता बंदुकीकडे वळू. इंग्लंडमध्ये शिकार हा जमीनदारांचा मान होता. १६७१ च्या कायद्याने तर वर्षाला किमान शंभर पौंड उत्पन्नाची मालकी जमीन, अशी अट घातली; स्वतःच्या लहानशा शेतातला ससा मारणारा कुणबीही गुन्हेगार ठरे. ही अट १८३१ पर्यंत टिकली. अमेरिकेत आलेल्या सामान्य माणसाच्या मनात तिच्याविषयी चीड होती.

१२/
ती चीड कायद्यात उतरली. १७७६ च्या पेनसिल्व्हेनियाच्या राज्यघटनेने रहिवाशांना स्वतःच्या जमिनीवर आणि कुंपण नसलेल्या इतर जमिनींवर शिकारीचा हक्क दिला. १८१८ मध्ये साउथ कॅरोलायनाच्या न्यायालयाने त्याहून पुढचे पाऊल टाकले: मालकाने बजावून मना केली, तरी विनाकुंपण जमिनीवर शिकार करणे हा अपराध नाही. म्हणजे त्या काळात खासगी जमिनीवरील शिकारीसाठी जमीनमालकाची परवानगी हवीच असे नव्हते.

१३/
मग परवानगी आली कुठून? यादवी युद्धानंतर. गुलामगिरीतून मुक्त झालेले कृष्णवर्णीय आणि गरीब गोरे शेतकरी यांच्याजवळ जमीन नव्हती. मोकळ्या रानात चरणारी दोन-चार डुकरे आणि शिकार, एवढाच त्यांचा आधार. पोटाला स्वतंत्र आधार असलेला माणूस दुसऱ्याच्या मळ्यात पडेल त्या मजुरीवर राबत नाही, हे मळेवाल्यांना पक्के ठाऊक होते.

१४/
१८७२ मध्ये जॉर्जियाने कुंपणाचा न्याय फिरवण्याची मुभा एकेका काउंटीला दिली. ज्याचे जनावर त्याने ते बांधावे, हा नवा नियम. वरवर पाहता तो रास्त वाटतो. पण ज्याच्याकडे जमीनच नाही, त्याने डुक्कर बांधायचे कुठे? शिकारीवरही अशाच मर्यादा येऊ लागल्या. खुली चराई एकदम संपली नाही. फ्लोरिडात ती १९४९ पर्यंत टिकली. पण वारे बदलले होते.

१५/
टेक्सासमध्ये हा बदल काटेरी तारेने घडवला. जोसेफ ग्लिडनला १८७४ मध्ये तिचे पेटंट मिळाले आणि दशकभरात प्रचंड कुरणे तारेआड गेली. पाणवठे अडले, वाटा अडल्या. १८८३ मध्ये रात्रीच्या अंधारात तारा कापणाऱ्या टोळ्या उभ्या राहिल्या; १८८४ मध्ये राज्याने तार कापणे हा गंभीर गुन्हा ठरवला. टेक्सासची नव्वद टक्क्यांहून अधिक जमीन आज खासगी आहे. शिकाऱ्याला मालकाच्या फाटकावर थांबावे लागते, त्याची पूर्वपीठिका ही.

१६/
जमिनीचा प्रश्न असा मिटला. जनावराचा? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हरणे आणि पक्षी बेसुमार मारले गेले, तेव्हा १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वन्य प्राणी जनतेचे असून राज्य त्यांचे राखणदार आहे, हे तत्त्व उचलून धरले. त्या निकालातील मालकीची कल्पना न्यायालयाने १९७९ मध्ये मोडीत काढली, परंतु राखणदारीचे तत्त्व टिकले. हरणासाठी परवाना आणि हंगाम लागतो तो म्हणूनच.

१७/
डुक्कर या चौकटीत बसले नाही. ते पाळीव जनावराचे वंशज, बाहेरून आणलेले. टेक्सासच्या कायद्याच्या नजरेत ते ‘वन्य शिकार’ नव्हेच. राखणदार नसलेल्या या जनावराबाबत जमीनमालकाचा शब्द जवळजवळ अखेरचा ठरला. २०१९ च्या सवलतीची पाळेमुळे इथवर पोहोचतात.

१८/
दरम्यान श्रीमंतांच्या हौसेने यात नवे रक्त मिसळले. १९१२ मध्ये जॉर्ज गॉर्डन मूर याने नॉर्थ कॅरोलायनातील हूपर बाल्ड या डोंगरावर खासगी शिकारवाडी उभारून तेथे युरोपातील अस्सल रानडुकरे आणली. काही वर्षांनी कुंपण ओलांडून ती बाहेर पडली आणि गावठी डुकरांत मिसळली. १९३० च्या दशकात टेक्सासमध्येही शिकारीसाठी अशी रानडुकरे आणली गेली आणि तीही निसटली. संकरातून निपजलेले जनावर काटक आणि चलाख होते.

१९/
१९८२ मध्ये सतरा राज्यांपुरती असलेली ही डुकरे पुढच्या चार दशकांत तीसहून अधिक राज्यांत पसरली. त्यांची देशातील संख्या साठ लाखांच्या घरात मानली जाते. रातोरात उकरलेली मक्याची आणि भुईमुगाची शेते, फोडलेले बांध, गढूळ केलेले ओढे: या हानीचा सरकारी अंदाज वर्षाला दीड अब्ज डॉलरच्या वर आहे.

२०/
इतक्या वेगाने डुक्कर चालत गेले नाही. बऱ्याच ठिकाणी ते ट्रकमधून गेले. आपल्या भागातही शिकार मिळावी म्हणून लोकांनी जिवंत डुकरे पकडून नव्या रानांत सोडली. शिकारीसाठी लोक पैसे मोजू लागले, तसे काही जमीनमालकांना पिकापेक्षा डुक्कर किफायतशीर वाटू लागले. २०११ मध्ये टेक्सासने हेलिकॉप्टरमधून डुकरे मारण्याच्या सहली विकायलाही परवानगी दिली. ज्या उपद्रवाला बाजारभाव आला, तो संपावा असे सर्वांनाच वाटत नाही.

२१/
टेनेसी राज्याचा अनुभव डोळे उघडणारा आहे. डुकरे आवरावीत म्हणून १९९९ मध्ये राज्याने वर्षभर, राज्यभर, अमर्याद शिकार खुली केली. परिणाम उलटा झाला. जी डुकरे पूर्वेकडच्या थोड्या भागात होती, ती २०११ पर्यंत ९५ पैकी सुमारे ८० काउंटींत तुरळकपणे दिसू लागली. शिकार खुली होताच लोकांनी डुकरे जागोजागी नेऊन सोडली होती. अखेर २०११ मध्ये राज्याने हौशी शिकार बंद केली. जमीनमालकाला स्वतःच्या जमिनीवर बंदोबस्त करण्याचा हक्क तेवढा ठेवला.

२२/
यामागे साधे गणित आहे. मादी वर्षाच्या आतच माजावर येते आणि एका वेतात सरासरी पाच-सहा पिले देते. संख्या नुसती स्थिर ठेवायची, तरी दरवर्षी सुमारे दोन तृतीयांश डुकरे काढावी लागतात, असे टेक्सासचे कृषितज्ज्ञ सांगतात. बंदुकीने एखाददुसरे पडते. उरलेला कळप सावध होतो, विखुरतो आणि शेजारच्या शेतात जातो. अख्खा कळप एकाच वेळी कोंडणारा मोठा सापळा अधिक परिणामकारक ठरतो. मिसुरीच्या संवर्धन विभागाने २०१६ मध्ये आपल्या जमिनींवरील डुकरांची शिकार थांबवली, ती कळप बिथरू नयेत म्हणून.

२३/
मग आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने काय समजून घ्यायचे? परवानगी लेखी असावी. हद्द स्वतः फिरून पाहावी. जखमी डुक्कर शेजाऱ्याच्या तारेपलीकडे गेले, तर तिथे ही परवानगी संपते. राज्याची सीमा ओलांडली की कायदा बदलतो. जिवंत पकडलेले डुक्कर मनमानीने दुसऱ्या रानात सोडणे टेक्साससह अनेक राज्यांत गुन्हा आहे. या डुकरांत ब्रुसेलोसिससारखे रोग असतात. म्हणून सोलताना हातमोजे घालावेत आणि मांस पूर्ण शिजवावे.

२४/
आणि एक प्रश्न मालकाला अवश्य विचारावा: तुम्हाला ही डुकरे कमी करायची आहेत, की शिकाऱ्यांसाठी राखायची आहेत? दोन्हीला कायद्याच्या भाषेत ‘संमती’ म्हणतात. पण दुसऱ्या प्रकारच्या संमतीची किंमत कुंपणापलीकडचा शेतकरी मोजतो, आणि त्याची संमती कोणी घेतलेली नसते.

२५/
मेरीलँडच्या सभेपुढे उभ्या राहिलेल्या मट्टागुंडची तक्रार हीच होती. डुकरे एकाची, लाभ त्याचा आणि उकरलेले शेत दुसऱ्याचे. साडेतीनशे वर्षांत कायदे फिरले, तारा ताणल्या गेल्या, डुकराच्या कानावरची खाचही गेली. शेजाऱ्याचा मका मात्र आजही रात्रीतूनच उकरला जातो.

(समाप्त)