यू वॉज की यू वेअर?

मराठी माध्यमाच्या शाळेत मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं. तेव्हा इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. म्हणजे आठवीतलं मूल त्या भाषेत जेमतेम तीन वर्षांचं! तरी 'वाक्य शुद्ध करा' हा प्रश्न परीक्षेत हमखास असे.

एका मुलाने मित्राला पत्र लिहिताना 'यू वॉज नॉट ॲट होम' असं लिहिलं. मी लाल शाईने 'वॉज' खोडून 'वेअर' केलं आणि पन्नास वेळा लिहून आणायला सांगितलं. तो उभा राहून म्हणाला, "बाई, मित्र तर एकटाच आहे. मग वेअर कसं?" वर्ग हसला. खरं सांगते, मीही हसले. "नियम आहे तसा. पाठ कर," म्हणाले आणि पुढच्या धड्याकडे वळले. त्या वर्षात त्याने पुन्हा हात वर केला नाही.

निवृत्तीनंतर वाचायला निवांत वेळ मिळाला, तेव्हा कळलं की त्याला पडलेला प्रश्न अडीचशे वर्षांपूर्वी खुद्द इंग्रजांना पडला होता. आणि त्यांच्यातल्या कितीतरी शिकल्यासवरल्या लोकांनी त्याचं उत्तर या मुलासारखंच दिलं होतं.

झालं असं. जुन्या इंग्रजीत एकासाठी 'दाऊ' होता आणि अनेकांसाठी 'यू'चं घराणं. तेराव्या शतकाच्या सुमारास फ्रेंचांच्या रीतीने मोठ्या माणसाला, तो एकटा असला तरी, अनेकवचनी संबोधायची पद्धत आली. आधी राजाला, मग मालकाला, मग कोणालाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस प्रमाण बोलीतून 'दाऊ' जवळजवळ गेलाच. तो राहिला प्रार्थनेत, काही खेड्यांत आणि क्वेकर पंथाच्या तोंडी. देवापुढे सगळे सारखे, म्हणून क्वेकर मंडळी न्यायाधीशालाही एकेरीत बोलायची. त्यापायी त्यांनी मारही खाल्ला.

आता 'यू' एकटाच उरला. मग एक की अनेक, हे ओळखायचं कसं? लोकांनी सोपी वाट काढली. एकाला 'यू वॉज', अनेकांना 'यू वेअर'. अठराव्या शतकात चांगले लेखकही असं लिहीत. पण १७६२ मध्ये रॉबर्ट लाउथ यांचं छोटेखानी इंग्रजी व्याकरण आलं. हे गृहस्थ पुढे लंडनचे बिशप झाले. त्यांनी तळटीपांत नामवंत लेखकांची वाक्यं घेऊन चुका दाखवल्या. 'यू वॉज' ही तर त्यांच्या लेखी घोडचूक. पहिल्या फळीचे लेखकही ती करतात, हे मात्र त्यांनीच तिथे नोंदवलंय. अमेरिकेत कोशकार नोहा वेब्स्टर यांनी १७८९ मध्ये 'यू वॉज'ची बाजू घेतली. पण सरशी लाउथ यांचीच झाली. कारण १७९५ मध्ये लिंडली मरे यांनी लाउथ यांच्या आधारे शाळेसाठी व्याकरण लिहिलं आणि त्याच्या लाखो प्रती खपल्या. मुळात ते यॉर्कमधल्या क्वेकर मुलींच्या शाळेसाठी होतं. मरे स्वतःही क्वेकर! मुलं ते घोकत गेली आणि 'यू वॉज' अडाण्यांची भाषा ठरली.

संबंधी सर्वनामांची गोष्टही अशीच. माणसासाठी 'हू', वस्तूसाठी 'विच', हे मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिलं असेन. 'द मॅन विच' दिसलं की लाल रेघ! पण १६११ च्या इंग्रजी बायबलात, येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत, आकाशातल्या पित्यासाठी चक्क 'विच' आहे. तेव्हा ते शुद्धच होतं. अमेरिकेतल्या चर्चने १७८९ च्या प्रार्थनापुस्तकात तिथे 'हू' केलं. १७११ मध्ये रिचर्ड स्टील यांनी 'स्पेक्टेटर' नियतकालिकात गमतीचा अर्ज छापला. 'हू' आणि 'विच' गाऱ्हाणं घालतात की 'दॅट'ने आमची जागा बळकावली. गंमत म्हणजे जुना रहिवासी 'दॅट'च, हे दोघे मागून आलेले!

त्याच प्रार्थनेत 'विच'नंतरचं क्रियापद 'आर्ट' आहे, म्हणजे 'दाऊ'बरोबरचं. संबंधी सर्वनामामागून येणारं क्रियापद मूळ कर्त्याकडे बघून चालतं, हा नियम त्यात दिसतो. 'हू' आला तरी 'आर्ट' तसंच राहिलं. म्हणजे एकाच वाक्यातला एक नियम बदलला, दुसरा टिकला. आमची मुलं 'आय, हू इज युवर फ्रेंड' लिहायची. तिथे 'ॲम' हवं. पण मराठीत 'मी आहे' आणि 'तो आहे', दोन्हीकडे 'आहे'च. मुलांना फरक कुठून दिसणार? हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, कारण माझ्याच ध्यानात आलं नव्हतं.

म्हणून नियम सोडून द्यावेत असं मी म्हणत नाही. आमच्या मुलांना नोकरीच्या अर्जात 'यू वॉज' परवडणारं नव्हतं. आजही मी ते दुरुस्तच करीन. पण पन्नास वेळा लिहायला लावणार नाही आणि हसणार तर मुळीच नाही. नियम आभाळातून पडलेले नसतात. कोणीतरी, कधीतरी ठरवलेले असतात आणि ठरवताना एक बाजू हरलेली असते. माझा विद्यार्थी त्या हरलेल्या बाजूचा होता, चुकीच्या डोक्याचा नव्हता.

आणि त्याचं उत्तर तर त्याच्याच भाषेत होतं हो! हेडमास्तर एकटे आले तरी आपण "सर, तुम्ही कधी आलात?" म्हणतो. "तू कधी आलास?" म्हणत नाही. इंग्रजीतला 'तू' निघून गेला, उरला तो 'तुम्ही'. म्हणून मित्र एकटा असला तरी 'वेअर'.

दोन मिनिटांचं काम होतं. असो. तुमच्यापैकी कोणी शिकवत असाल तर मुलाने "असं का?" विचारल्यावर "नियम आहे" म्हणून थांबू नका, एवढंच.