'नाटू'पासून तारप्यापर्यंत : चाबूक कोणाच्या हातात होता?

१/१२
एस. एस. राजमौली यांचा 'आरआरआर' हा तेलुगू थरारपट २५ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झाला आणि मार्च २०२३ मध्ये त्यातील 'नाटू नाटू'ला ऑस्कर मिळाले. 'नाटू' म्हणजे देशी, गावरान. हे गावरान गाणे कीव्हच्या राजप्रासादासमोर चित्रित झाले आणि जगाने ते डोक्यावर घेतले. पण इतिहासाच्या वाचकाने ज्यापाशी थांबावे असे गाणे त्याच चित्रपटात दुसरे आहे. त्या गाण्याच्या निमित्ताने आज जव्हारच्या डोंगरांपर्यंत जाऊ.

२/१२
ते गाणे 'कोमुरम भीमुडो'. शब्द सुद्दाला अशोक तेजा यांचे, संगीत एम. एम. कीरवाणी यांचे, स्वर काल भैरव यांचा. या गायनास राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. गोंड तरुण भीमाला जमावासमोर बांधून चाबकाने फोडले जात आहे. गुडघे टेक, असा हुकूम आहे. तो गुडघे टेकत नाही, गातो. पाहणारी मुकी गर्दी अखेर खवळून उठते.

३/१२
प्रसंग परिणामकारक आहे. घडलेला मात्र नाही. चित्रपटाचा काळ १९२०चा, स्थळ दिल्ली आणि शत्रू इंग्रज गव्हर्नर. भीमाचा साथी दाखविलेले अल्लुरी सीताराम राजू यांचे रम्पा बंड १९२२ ते १९२४ या काळातले; ७ मे १९२४ रोजी ते मारले गेले. या दोघांची कधी भेट झाली नाही. दिग्दर्शकानेही आपली कथा काल्पनिक असल्याचे आधीच सांगितले होते. तेव्हा तक्रार कल्पनेविषयी नाही. प्रश्न वेगळा आहे.

४/१२
खरा कुमरम भीम आसिफाबाद भागातला. हा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि आपल्या चंद्रपूरला अगदी लागून. आजचा राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. जंगले राखीव झाली, फिरती शेती गुन्हा ठरली, गुरे चारली तरी दंड होऊ लागला. पिढ्यान्पिढ्या कसलेल्या जमिनींचे पट्टे बाहेरून आलेल्यांच्या नावावर चढले.

५/१२
परंपरा सांगते की, एका अधिकाऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर भीम चंद्रपूरकडे निसटला, तेथे अक्षरे शिकला आणि पुढे आसामच्या चहामळ्यांत राबला. परतल्यावर त्याने गोंड-कोलामांच्या वस्त्या एकत्र केल्या. 'जल, जंगल, जमीन' ही घोषणा त्याच्याच नावाशी जोडलेली आहे. १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी तो साथीदारांसह मारला गेला.

६/१२
त्यानंतर निजाम सरकारला जाग आली. ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी या गोंडांमध्ये राहून अभ्यास केला, मारलवाई येथे गोंडी शाळेचे काम उभे राहिले आणि अनेक कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले. म्हणजे भीमाचा झगडा दिल्लीच्या गव्हर्नराशी नव्हता. तो जंगल खात्याचा शिपाई, महसुलाचा कारकून आणि गावातला सावकार यांच्याशी होता. चाबूक देशी हातांत होता.

७/१२
आता पालघर जिल्ह्यात येऊ. जव्हार तालुक्यातला दाभोसा आज लेंडी नदीवरच्या सुमारे ३०० फुटी धबधब्यासाठी ओळखला जातो. स्वातंत्र्यापूर्वी हा परिसर मुकणे घराण्याच्या जव्हार संस्थानात होता. ते १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थानच्या पश्चिमेला ब्रिटिश अमलाखालचे डहाणू आणि उंबरगाव हे तालुके. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना मात्र तोच वारली समाज नांदत होता.

८/१२
डहाणू-उंबरगावच्या वारल्यांवर दोन जोखडे होती. एक वेठ : जमीनदाराच्या शेतात, वाड्यावर, जंगलात फुकट राबणे. दुसरे लग्नगडीचे : लग्नासाठी थोडे कर्ज घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत धनकोच्या घरी गडी व्हायचे. कर्ज फिटत नसे. गड्याची बायकोही त्याच घरी राबे. चाबूक येथेही होता, आणि तो धरणारा शेजारच्याच गावात राहत होता.

९/१२
जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तेथे गेलेले मोजके वारली नवा विचार घेऊन परतले. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या साक्षीने निर्णय झाला : यापुढे वेठ करायची नाही, मजुरी रोख घ्यायची. गोदावरीबाईंनी हा सारा अनुभव पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात लिहिला. त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

१०/१२
त्या पावसाळ्यानंतर गवतकापणीचा संप झाला. मागणी एवढीच : ५०० पौंड गवताला अडीच रुपये. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे, गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे या खोट्या बातमीने हजारो वारली गोळा झाले. पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. तरीही संप मोडला नाही. गोळी सरकारची होती. पण ती ज्या व्यवस्थेच्या रक्षणासाठी झाडली गेली, ती व्यवस्था जमीनदारांची होती.

११/१२
या लढ्याला 'कोमुरम भीमुडो'सारखे, देशभर पोचलेले गाणे मिळाले नाही. वारल्यांचे स्वतःचे संगीत मात्र समर्थ आहे. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाचे पान यांचा तारपा श्वास न तोडता वाजविला जातो. हातात हात गुंफलेली नाचणाऱ्यांची रांग वादकाभोवती सर्पाकार फिरते. चाल बदलली की पावले बदलतात. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांच्या घराण्यात ही विद्या कित्येक पिढ्या चालत आली आहे. त्यात एकटा नायक नाही. वादक मध्यभागी उभा असतो, पण नाच साऱ्या पाड्याचा असतो.

१२/१२
चित्रपटाला एक नायक आणि एक परका खलनायक पुरतो. गव्हर्नर मेला की कथा संपते आणि प्रेक्षक निर्धास्त घरी जातो. झरीच्या कथेत ही सोय नाही. तिथला विजय म्हणजे हजारो माणसांनी एका सकाळी विळा उचलण्यास दिलेला नकार. आणि तिथला शत्रू सातासमुद्रापार परतला नाही, कारण तो तिकडून आलेलाच नव्हता. भीमाच्या गाण्याने देशाला त्याचे नाव शिकवले, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. ते ऐकताना अडीच रुपयांचा तो दरही आठवावा. वारल्यांनी मागितले ते राज्य नव्हते. कापलेल्या गवताचे दाम होते. आणि तेवढ्यासाठीही पाच माणसे मारली गेली.