तेलाची साक्ष कोण देणार?

मंडळी, देवगाव रंगारीपासून परभणीपर्यंत आपण मराठवाड्याची माणसं घाण्याचं करडईचं तेल नाकानं आणि जिभेनं ओळखत आलो. ते दोन साक्षीदार पुरत होते. पुढे रिफाइंड तेल आलं, वास आणि रंग गेला. साक्षीदार मुके झाले.

मग साक्ष रसायनशास्त्राकडे गेली. १८८४ साली ऑस्ट्रियाच्या ह्युब्लनं तेल किती आयोडीन शोषतं, ते मोजायची रीत दिली. शंभर ग्रॅम करडईचं तेल साधारण १४० ग्रॅम आयोडीन घेतं, सरकीचं १०५च्या आसपास. पण हा आकडा सगळ्या मेदाम्लांचा मिळून एक. दोन तेलं हिशेबानं मिसळली, की तिसऱ्याचा आकडा साधतो. म्हणजे आकडा खरा, तरी फसगत होतेच.

१९५२ साली इंग्लंडात जेम्स आणि मार्टिन यांनी गॅस क्रोमॅटोग्राफीनं मेदाम्लं एकेक वेगळी करून दाखवली. आज आपल्याला कळतं, की करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल सुमारे ७५ टक्के, पामिटिक जेमतेम सहा-सात. सरकीत मात्र पामिटिक वीसच्या वर. करडईत सरकी बऱ्यापैकी मिसळली, तर पामिटिक चढतं आणि बिंग फुटतं.

ज्ञान वाढलं, पण नाक प्रत्येकापाशी होतं, यंत्र नाही. म्हणूनच २००६च्या अन्न सुरक्षा कायद्याचं ४०वं कलम आपण लक्षात ठेवू : खरेदी करतानाच दुकानदाराला सांगून, फी भरून, ग्राहकालाही नमुना तपासून घेता येतो. दोष निघाला तर फी परत मिळते. साक्ष मागायचा हक्क अजून आपलाच आहे.