गोडीचे वजन

साखरेच्या पर्यायांचा इतिहास सहसा उष्मांक कमी करण्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु कर्बोदके, म्हणजे धान्य, कंदमुळे आणि साखर यांतून मिळणारे पिष्टमय व शर्करामय घटक, मोजूनमापून खाणाऱ्याच्या दृष्टीने पाहिल्यास तो प्रामुख्याने वजनाचा इतिहास ठरतो. नुसती गोडी रसायनशास्त्राने एकोणिसाव्या शतकातच मिळवली होती; साखरेचा चमच्यातला भरीवपणा आणि तिचा पाक होण्याचा गुण मात्र सहजी हाती लागला नाही, आणि ती उणीव भरून काढण्यासाठी जे मिसळले गेले तेही बहुधा कर्बोदकच होते.

कमी कर्बोदकांचा आहार या पर्यायांहून जुना आहे. जॉन रोलो या लष्करी शल्यवैद्याने १७९७ मध्ये मधुमेहावर मांसप्रधान आहाराचा उपाय मांडला, आणि १८६३ मध्ये लंडनमधील अंत्यविधीचे साहित्य पुरवणाऱ्या विल्यम बँटिंग यांनी पाव, साखर, बीअर व बटाटे सोडून आपण कसे सडपातळ झालो हे एका पुस्तिकेत लिहिले. ती इतकी खपली की वजन उतरवण्याला इंग्रजीत त्यांच्या आडनावानेच ओळखले जाऊ लागले. बँटिंग यांच्यापुढे निवडीचा प्रश्नच नव्हता, कारण साखरेला पर्याय अस्तित्वात नव्हता. ते चहा बिनसाखरेचा आणि बिनदुधाचा पीत.

तो पर्याय १८७९ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात इरा रेमसन यांच्या प्रयोगशाळेत सापडला. दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या संयुगांवर काम करणारे कॉन्स्टंटिन फालबर्ग जेवताना हाताला लागलेल्या गोडीने चकित झाले आणि प्रयोगशाळेत परतून त्यांनी टेबलावरच्या भांड्यांतील पदार्थ चाखून पाहिले, असे त्यांनीच पुढे सांगितले. हेच सॅकरीन. शोधनिबंध दोघांच्या नावे निघाला, पण पेटंट फालबर्ग यांनी एकट्याने घेतले व जर्मनीत माग्देबुर्गजवळ कारखाना काढला. रेमसन हे कधीच विसरले नाहीत.

सॅकरीनचा पहिला शत्रू वैद्य नव्हता, तर बीटापासून साखर काढणारा कारखानदार होता. साखर कारखानदारीचे राजकारणातले वजन महाराष्ट्रातल्या वाचकाला निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. जर्मनीत त्या वजनाने १९०२ चा कायदा घडवला, आणि सॅकरीन केवळ औषधाच्या दुकानातून, मुख्यतः मधुमेहींसाठी मिळू लागले. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये मात्र बंदी नव्हती. साखरेच्या सुमारे तीनशेपट गोड असलेली ही पूड सीमेपलीकडे नेण्यास पोत्यांची गरज नव्हती, कपड्यांच्या अस्तरात शिवून नेलेली पूडही भरपूर पुरत असे. त्यामुळे झुरिच हे तिच्या चोरट्या व्यापाराचे केंद्र बनले. ज्या गुणामुळे तस्कराचे फावले, तोच गुण स्वयंपाकघरात अडचणीचा ठरला.

ही अडचण साध्या हिशेबाने समजते. दोन चमचे साखर सुमारे आठ ग्रॅम भरते. तेवढ्याच गोडीला सॅकरीन तीस मिलिग्रॅमही लागत नाही. एवढीशी पूड चिमटीत धरता येत नाही, मग चमच्याने मोजणे दूरच. म्हणून एक तर गोळ्या पाडाव्या लागल्या, किंवा पूड दुसऱ्या एखाद्या पदार्थात मिसळून फुगवावी लागली. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे १९५७ मध्ये निघालेली ‘स्वीट’न लो’ची गुलाबी पुडी ही दुसऱ्या मार्गाची; अशा पुड्यांत भर म्हणून डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजच, घालण्याची रीत पडली. अमेरिकेच्या नियमानुसार एका वेळच्या मात्रेत पाचपेक्षा कमी उष्मांक असल्यास वेष्टनावर शून्य छापता येते, त्यामुळे पुडी शून्याची आणि आतला बहुतांश ऐवज साखरेच्या जातीचा, असा प्रकार कायदेशीरच ठरला.

मधल्या काळात सायक्लामेट आले आणि १९६९ मध्ये अमेरिकेत बंदीत गेले. १९६५ मध्ये ॲस्पार्टेम सापडले, पण तापवल्यावर त्याची गोडी जाते, म्हणून त्याची धाव शीतपेये आणि चहाकॉफीपुरतीच राहिली.

उष्णता सोसणारा पर्याय १९७६ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात गवसला, आणि त्याच्या कथेत शशिकांत फडणीस हे नाव मराठी वाचकाला थबकवणारे आहे. प्राध्यापक लेस्ली हफ यांच्याकडे संशोधन करणाऱ्या फडणीस यांना क्लोरीनयुक्त शर्करेची परीक्षा करण्यास सांगण्यात आले, आणि इंग्रजीत परीक्षा व चव यांचे शब्द कानाला जवळचे असल्याने त्यांनी तो पदार्थ जिभेवर ठेवला, असे सांगितले जाते. साखरेच्या रेणूतील तीन हायड्रॉक्सिल गटांच्या जागी क्लोरीन बसवून बनलेले हे सुक्रालोज साखरेच्या सहाशेपट गोड असते आणि शरीर त्याचा बहुतांश भाग जसाच्या तसा बाहेर टाकते. तरीही चमच्यास चमचा वापरता यावे म्हणून त्यात माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे तोडून बारीक केलेला स्टार्च, मिसळला गेला. अशा मिश्रणाच्या एका अमेरिकी कपात सुमारे चोवीस ग्रॅम कर्बोदके येतात, आणि केक करणाऱ्याला ती मोजावीच लागतात.

१९७२ मध्ये रॉबर्ट ॲटकिन्स यांच्या पुस्तकाने कमी कर्बोदकांचा आहार पुन्हा घरोघरी पोचवल्यानंतर भर घालणाऱ्या पदार्थांकडे लक्ष जाणे अपरिहार्य होते. शर्करा-अल्कोहोल या गटातील पदार्थ गोडही असतात आणि आकारमानही देतात. त्यांचे पचन अपुरे होत असल्याने एकूण कर्बोदकांतून ते वजा करण्याची पद्धत पडली. ही वजाबाकी सरसकट करणे चुकीचे आहे, कारण बिनसाखरेच्या चॉकलेटात आढळणारे माल्टिटॉल रक्तातील ग्लुकोज बऱ्यापैकी वाढवते, तर एरिथ्रिटॉल लहान आतड्यात शोषले जाऊन बहुतांशी तसेच लघवीवाटे निघून जाते. मात्र एरिथ्रिटॉलची गोडी साखरेच्या सुमारे सत्तर टक्केच असते, ते जिभेवर थंडावा सोडते, आणि पाकाची तार धरण्याऐवजी थंड होताच खडे बांधते, त्यामुळे रव्याच्या लाडवाला त्याचा उपयोग बेताचाच. २०२३ मध्ये रक्तातील एरिथ्रिटॉलचे प्रमाण आणि हृदयविकार यांचा संबंध दाखवणारा अभ्यासही प्रसिद्ध झाला, जरी त्यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेतर गोडकांवर विसंबू नये अशी शिफारस केली; शर्करा-अल्कोहोल तिच्या कक्षेत नव्हते आणि आधीपासून मधुमेह असलेल्यांनाही ती लागू नव्हती.

आज दुकानात पॅराग्वेमधील ग्वारानी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या स्टेव्हियाच्या पानाचे, किंवा दक्षिण चीनमधील लुओ हान गुओ या फळाचे चित्र असलेल्या पुड्या मिळतात. दोहोंचे अर्क साखरेच्या शेकडोपट गोड, म्हणून त्यांनाही भर लागतेच, आणि अनेक पुड्यांत ती भर एरिथ्रिटॉलची असते. ते कारखान्यात यीस्टकडून आंबवून घेतले जाते, आणि त्या यीस्टला खाऊ घातलेले ग्लुकोज बहुधा मक्याच्या किंवा गव्हाच्या स्टार्चमधून काढलेले असते.