दिव्यांग उमेदवार आणि सरकारी नोकरीचा अर्ज : १९७७ ते २०२१

नोकरीचा अर्ज आपल्याला साधा कागद वाटतो. परंतु त्यातील 'दिव्यांगत्वाचा प्रकार', 'लेखनिक हवा आहे का?' या रकान्यांमागे मोठा लढा आहे. उमेदवाराला कोणत्या टप्प्यावर अडवले गेले, हे लक्षात ठेवून हा इतिहास वाचा. तुमचा किंवा तुमच्या मित्राचा अर्ज अडला तर तो उपयोगी पडेल.

१. आरक्षण, पण खालच्या गटांत
१९७७ मध्ये केंद्र सरकारने 'क' आणि 'ड' गटांतील पदांत ३ टक्के आरक्षण दिले. अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग यांना प्रत्येकी १ टक्का मिळाला. अधिकाऱ्यांच्या 'अ' आणि 'ब' गटांना मात्र ही तरतूद लागू नव्हती.

२. परीक्षेचा अडसर
दृष्टिहीन पदवीधराने नागरी सेवा परीक्षेत उत्तरे लिहायची कशी? हा प्रश्न घेऊन अंधांची राष्ट्रीय संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. योग्य ठरवलेल्या पदांसाठी ब्रेलमध्ये किंवा लेखनिकाच्या मदतीने परीक्षा देऊ द्यावी, असा निर्णय न्यायालयाने १९९३ मध्ये दिला.

३. आकडेमोडीचा वाद
१९९५ च्या अधिनियमाने ३ टक्के आरक्षण कायद्यात आणले. तरीही अनेक विभाग ते केवळ 'योग्य' म्हणून निश्चित केलेल्या पदांवर मोजत. समजा, संवर्गात १०० जागा रिक्त आहेत आणि त्यांपैकी ४० पदे निश्चित केलेली आहेत. १०० वर मोजल्यास ३ जागा मिळतात. ४० वर मोजल्यास जेमतेम एक. संवर्गातील एकूण रिक्त जागांवरच आरक्षण मोजावे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले. कायदा होऊनही त्याचा अर्थ ठरायला अठरा वर्षे लागली.

४. सवलतीकडून हक्काकडे
२०१६ च्या अधिनियमाने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि सरकारी आस्थापनांतील आरक्षण किमान ४ टक्के केले. आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. त्याचबरोबर 'वाजवी सोय' ही संकल्पना आली : व्यक्तीच्या गरजेनुसार व्यवस्थेत योग्य तो बदल करणे. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला ४० टक्क्यांची अट दाखवून लेखनिक नाकारला गेला होता. आरक्षणाची अट लेखनिकासाठी लावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले.

५. आज अर्ज करताना
या इतिहासातून चार गोष्टी घ्या. जाहिरातीत एकूण जागा किती आणि दिव्यांगांसाठी राखीव किती, हे आधी तपासा. प्रमाणपत्र वेळेत काढून ठेवा. लेखनिक, जादा वेळ किंवा अन्य सोय हवी असेल, तर ती अर्जातच लेखी मागा. नकार मिळाल्यास कारण लेखी घ्या; २०१६ च्या अधिनियमानुसार प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. त्यानंतर दिव्यांग आयुक्तांकडेही दाद मागता येते.

वरील प्रत्येक निर्णयाची सुरुवात मिळालेला नकार मुकाट्याने न स्वीकारण्यापासून झाली, हे लक्षात ठेवा.

स्वाध्याय : आरक्षण आणि वाजवी सोय यांतील फरक वरील उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करा.