गुलाबपाण्यामागची आई

आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाला गुलाबदाणी फिरवण्याचे काम बहुधा माझ्याकडेच असते. यंदा बाटलीत थोडे गुलाबपाणी उरले. रात्री कापसाच्या बोळ्याने तोंडाला लावून पाहिले. चुलीशी तापलेला चेहरा निवला. एवढी स्वस्त वस्तू, पण तिचा इतिहास मोठा राजेशाही निघाला.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. जहांगीर बादशहाच्या आत्मचरित्रातला मजकूर मुलीने मला वाचून समजावला. १६११ साली त्याची बेगम झालेल्या नूरजहानची आई अस्मत बेगम. ती गुलाबपाणी करीत असता, गरम पाणी ज्या ताटल्यांत ओतले त्यांवर तवंग आला. तिने तो थोडा थोडा करून गोळा केला. तेच गुलाबाचे अत्तर! थेंबभर तळहातावर चोळले तरी सगळी मजलिस दरवळे. बादशहाने तिला मोत्यांची माळ दिली. सलीमा सुलतान बेगमेने अत्तराला ‘जहांगिरी’ नाव ठेवले.

पुढे लोक मात्र हा शोध नूरजहानचाच म्हणू लागले. शोध आईचा, नाव जावयाचे, कीर्ती लेकीची! बादशहाने स्वतः लिहून ठेवले म्हणून निदान खरे कळले.

भगिनींनो, दुधावरची साय, आमटीवरचा तवंग आपण रोज पाहतो. अस्मत बेगमेनेही तेवढेच पाहिले, पण टाकून दिले नाही. आपल्या आया-आज्यांनी घरात काय काय शोधून काढले, ते कोणी लिहिले? निदान आपण तरी लिहून ठेवू या.